निर्लेखन

सरकारी मराठीत ‘निर्लेखन’ नावाचा एक शब्द आहे. शाळेची एखादी खोली मुलांना बसवण्याजोगी राहिली नाही, की तिचा प्रस्ताव करतात. सह्या एकावर एक चढत जातात आणि शेवटी ती खोली दप्तरातून पुसली जाते. मग पाडायची. लाकूड, कौलं लिलावात. मी एका जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात एकतीस वर्षं नोकरी केली. जिल्हा कोणता ते सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात जिल्ह्यापेक्षा माझाच वाटा जास्त आहे.

डिसेंबरात आम्ही दोघं पणजीला भाचीकडे निघालो. ही चौतीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होती, त्यामुळे आमच्या घरात शाळेचा विषय जेवणातल्या मिठासारखा. “अहो, रात्रीची गाडी धरू, सकाळी पणजी,” ही म्हणाली. मी म्हटलं, एसटीनं जाऊ. सातारा, कराड, कोल्हापूर, वेंगुर्ला असे मुक्काम करत. मला पासष्टीनंतर अर्धं तिकीट, हिला बाईमाणूस म्हणून अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एकच तिकीट. हा मुद्दा तिला पटला.

माझं खरं कारण वेगळं होतं. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळा कोसळून सात मुलं गेली. आपल्या नगर जिल्ह्यात निंबोडीला २०१७ च्या ऑगस्टमध्ये असंच झालं होतं. तिथे तीन मुलं गेली. पिपलोदीनंतर देशभर शाळांच्या तपासणीचे आदेश निघाले. निघायलाच हवे होते. पण अशा वेळी कार्यालयात काय होतं ते मी आतून पाहिलेलं आहे. धोका कुणालाच पत्करायचा नसतो. इमारत जुनी दिसली की घाल यादीत. भिंत कशाची, दोष कुठे, हे पाहायला वेळ नसतो आणि पाहणाऱ्याला शाबासकीही नसते. ज्या इमारती पडणार आहेत त्या आणि ज्या आणखी शंभर वर्षं सहज उभ्या राहतील त्या, दोन्ही एकाच कागदावर जातात.

दुसरं असं, की आमच्या वाटेवरचा हा पट्टा स्वच्छतेत देशात गाजलेला. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या गावांमध्ये २०२० साली कराड पहिलं आलं, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी, २०२३ ला सासवड. सगळी इकडचीच. मला पाहायचं होतं, की जी गावं कचऱ्याच्या बाबतीत इतकी जागी झाली, ती आपल्या जुन्या शाळांचं काय करतात.

पुण्यातून निघताना रिक्षा शिवाजी रस्त्यानं स्वारगेटकडे चालली होती. दगडूशेठ गणपतीसमोर आल्यावर ही पदर सावरून डावी-उजवीकडे पाहायला लागली. भिडेवाडा शोधत होती. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो वाडा. स्मारक की दुकानं हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि निकाल लागल्यावर ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री वाडा उतरवला. स्मारक व्हायला हवं याबद्दल दुमत नाही. अभियंता म्हणून बोलायचं तर शेवटी त्या वाड्यात वाचवण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं. तो पाडला रात्रीत, पण पडत होता कितीतरी वर्षं, आणि सगळं पुणं खालून गणपतीला जात होतं. माझ्यासकट.

पुणं कचऱ्यात मात्र खरंच पुढे आहे, आणि त्याचं श्रेय पालिकेआधी कचरा वेचणाऱ्या बायकांना द्यायला हवं. १९९३ साली त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली. आज आमच्या सोसायटीत येणारी ताई ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक सापडलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला नावानिशी हाक मारते. असली दहशत मी कुठल्याच मुख्याधिकाऱ्याची पाहिलेली नाही.

साताऱ्यात स्टँडवरून आधी राजवाडा. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव इंग्रजी पहिलीत दाखल झालं. रजिस्टरवरचा क्रमांक १९१४. आज त्या शाळेचं नाव छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल, आणि ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. हिनं नोकरीत असताना वर्गात त्या दिवसाची भाषणं बसवलेली. ती आवाराबाहेर बराच वेळ गप्प उभी राहिली. मी नेहमीप्रमाणे वर पाहत होतो: पागोळ्या कुठे पडतात, भिंतीच्या कुठल्या पट्ट्यात शेवाळ आहे, जोत्याशी पाणी साचतं का.

साताऱ्याची पर्यावरणाची जाण मला तिथल्या फलकांवर दिसली नाही, पाण्यात दिसली. वर कासचा तलाव, आणि तिथलं पाणी इंग्रजांच्या काळापासून उताराच्या बळावर गावात उतरतं, पंपावाचून. हे ज्यांनी आखलं त्यांनी वसुंधरेवर एकही घोषवाक्य लिहिलं नव्हतं. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं आणि फुलांच्या हंगामात तिथे माणसं मोजून सोडावी लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिकडे जाणाऱ्यांतले किती जण नळाला तेच पाणी येतं म्हणून जातात, कोण जाणे.

संध्याकाळी खोलीवर हिनं विचारलं, “तुम्ही प्रत्येक शाळेच्या छपराकडे असं का बघता? चोरासारखं?” चोरासारखं हा शब्द तिनं सहज वापरला. मग मी तिला १९९४ ची गोष्ट सांगितली. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, तरी सांगितली नव्हती.

सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला. दगडी घरांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्या खात्यात दगडी भिंत या शब्दाचीच भीती बसली. किल्लारीची घरं होती दगड आणि मातीची: भिंतीत गोल धोंडे, सांध्यात चिखल, डोक्यावर मातीचं जड माळवद. घडीव दगड, सांध्यात चुना आणि वर हलकं कौलारू छप्पर ही गोष्ट वेगळी. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि हातानंही माहीत होतं. तर त्या पुढच्या वर्षी माझ्याकडे एका गावच्या शाळेची तक्रार आली. १९११ ची दोन खोल्यांची शाळा. एका कोपऱ्यात गळती, तिथे भिंतीला फुगवटा. जाऊन पाहिलं. पन्हळ फुटलेली, पाणी वर्षानुवर्षं एकाच जागी भिंतीत मुरत होतं, आणि त्या ओलीवर पिंपळानं मूळ धरलं होतं. पन्हळ बदलायची, पिंपळ मुळासकट काढायचा, तो कोपरा दीड-दोन मीटर उतरवून पुन्हा चुन्यात बांधायचा. तीन गवंडी आणि पंधरा दिवस.

पण दुरुस्तीच्या लेखाशीर्षाखाली पैसे नव्हते. नवीन वर्गखोल्यांच्या शीर्षाखाली होते, आणि मार्चअखेर संपवायचे होते. नवीन खोली मिळायची तर जुनी निर्लेखित दाखवावी लागते. मी लिहिलं: ‘इमारत जीर्ण व धोकादायक असून दुरुस्तीयोग्य नाही.’ सरपंच खूश, हेडमास्तर खूश, वरचे साहेब खूश. मीही तरुण होतो, स्लॅबची इमारत म्हणजे प्रगती असं मलाही वाटायचं.

पाडायला अकरा दिवस लागले. ‘दुरुस्तीयोग्य नाही’ असा शेरा मारलेली भिंत पहारीला दाद देईना. चुना दगडाला सोडेना. एक मजूर मला म्हणाला होता, “साहेब, हिला कुणी सांगितलं न्हाई वाटतं ती पडायला आलीय ते.” मी हसलो होतो.

ही ऐकून काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, “लाकूड कुठे गेलं?” सागवानी कैच्या लिलावात गेल्या. कुणाच्या तरी घराच्या दिवाणखान्यात असतील.

पुढे एका गावात आम्ही मुद्दाम उतरलो. त्याचं नाव सांगत नाही. स्वच्छतेचा पुरस्कार मिळाल्याची कमान स्टँडसमोरच होती, आणि गाव खरोखर स्वच्छ होतं. राज्य सरकारची ‘माझी वसुंधरा’ मोहीम २०२० मध्ये सुरू झाली. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचमहाभूतांची वाटणी करून गावांना गुण मिळतात. तिथल्या जुन्या शाळेच्या सगळ्या दर्शनी भिंतीवर ती पाचही महाभूतं रंगवली होती. झाडं, पवनचक्की, सूर्य, हात जोडलेली पृथ्वी आणि कृष्णाखोऱ्यात कसा आला ठाऊक नाही पण एक डॉल्फिनही. ऑइलपेंटमध्ये, जोत्यापर्यंत.

आणि जोत्यापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फोड आले होते. बोट लावलं तर पापुद्रा सुटला आणि आतून ओली, खारट पूड पडली. चुन्याची भिंत जमिनीतली ओल थोडीफार वर ओढतेच. पण ती उघडी असेल तर तिथूनच वाळतेही. चुनकळी भिजवून केलेली सफेदी तिला चालते, कारण तिच्यातून वाफ बाहेर पडते. तेलाचा रंग किंवा सिमेंटचा गिलावा लावला की तोंड दाबल्यासारखं होतं. पाणी आत कोंडतं, क्षार फुगतात, चुना भुसभुशीत होतो. दहा वर्षांत ती भिंत खरोखरच धोकादायक होईल, आणि मग माझ्यासारखा कुणीतरी तसं लिहील. तेव्हा ते खरंही असेल.

तिथल्या शिक्षिकेला मी हे जमेल तितक्या गोडीनं सांगितलं. ती म्हणाली, “सर, रंगाला निधी आला होता. पन्हळीला मी तीन वर्षं मागतेय.” तिच्या टेबलावर खरोखर तीन अर्जांच्या पोचा होत्या. ही तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघी माझ्याकडे पाठ करून बोलू लागल्या. शिक्षिकांचं आपसातलं ते बोलणं मला कधीच ऐकू येत नाही.

कराडबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे, कारण तिथे तक्रारीला जागा नव्हती. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना मिळतात तिथे यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसलो. घाट झाडलेला. सकाळी घंटागाडी वेळेवर. ज्या टिळक हायस्कुलात यशवंतराव शिकले ते पाहिलं. कराडजवळच्याच काले गावी १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’त मुलं श्रम करून शिकायची. अशा हातांनी उभ्या केलेल्या भिंतीला सहसा पन्हळ नसल्याची तक्रार लिहावी लागत नसणार. असो, हा माझा अंदाज.

कोल्हापूर म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथे जाण आहे की नाही असा प्रश्नच पडत नाही. तिथे भांडण आहे. पंचगंगेच्या काळ्या पाण्यावरून आंदोलनं, रंकाळ्यावरून आंदोलनं, गणपती नदीत सोडायचे की दान द्यायचे यावर चौकाचौकात वाद. विसर्जित मूर्ती दान करा ही अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांची हाक ज्या शहरांनी मनावर घेतली त्यांत कोल्हापूर पुढे. सांडपाणी शुद्ध करायला कसबा बावड्याला मोठं केंद्र झालं, दुधाळीला दुसरं झालं, तरी नाल्यांचं पाणी नदीत जायचं पूर्ण थांबलेलं नाही, आणि हे तुम्हाला कोल्हापुरात पानवालाही आकड्यांसकट सांगतो. बक्षीस मिळालेल्या गावांत मला असा पानवाला भेटला नाही.

भवानी मंडपात मेन राजाराम हायस्कूल उभं आहे. काळ्या दगडाची भरदार इमारत. राजाराम कॉलेज आधी इथेच भरायचं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला रुपया दंड. ज्या राजानं मूल शाळेत आणायला दंड लावला, त्याच्या गावात शाळेची इमारत म्हणजे लोकांना घरची वस्तू वाटते. मी पायऱ्यांवर उभा राहून वर पाहत होतो तर एक म्हातारा थांबला. “काय बघतायसा?” मी म्हटलं, भिंत. “बघा की. बघायसारखीच हाय.”

तो निघाला गवंडी. वय सत्तरीच्या पुढे, आता काम मुलगा बघतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर त्यानं नदीकाठची बरीच जुनी घरं आणि एक शाळा दुरुस्त केली होती. मी त्याला चहाला नेलं आणि दोन तास ऐकलं. पुराचं पाणी आठवडाभर भिंतीत राहिलं, तर चुन्याची भिंत उन्हाळ्यापर्यंत वाळून मोकळी व्हायची. त्याच भिंतीला मागे कुणी सिमेंटचा गिलावा मारला असेल तर दोन वर्षांनीही आत बोट ओलं व्हायचं. “चुना पानी पितो आनि सोडतो,” तो म्हणाला. “शिमिट पितंय आनि धरून बसतंय. पावन्यासारकं.” मी विचारलं, आता चुन्यात काम करणारी पोरं आहेत का? त्यानं हाताची दोन बोटं दाखवली. त्यातलं एक म्हणजे तो स्वतः. चुना आठवडे-आठवडे भिजत ठेवावा लागतो, घाण्यात मळावा लागतो. कंत्राटाच्या मुदतीत ते बसत नाही आणि सरकारी दरसूचीतल्या भावात तर अजिबातच नाही. हे मात्र त्याला सांगावं लागलं नाही, मला माहीत होतं. मीच ते दर लावत होतो.

रात्री मी वहीवर एक हिशोब मांडला. माझी १९११ ची शाळा: सोळा मीटर लांब, सहा रुंद, मध्ये एक भिंत, उंची साडेतीन मीटर, जाडी हातभर म्हणा, पंचेचाळीस सेंटिमीटर. दारं-खिडक्या वजा जाता पासष्ट-सत्तर घनमीटर दगड. वजन दीडशे टनांच्या वर. दहा टनी डंपरच्या पंधरा-सोळा खेपा. बारा-तेरा हजार वस्तीच्या गावाचा महिनाभराचा कचरा साधारण तितकाच भरतो. शिवाय जागी जे नवं उभं राहतं त्याचं सिमेंट वेगळं, आणि एक टन सिमेंट करताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (चुना भाजतानाही जातो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण चुन्याची भट्टी कमी तापते आणि भिंतीत घट्ट होताना चुना त्यातला बराच वायू परत घेतो.) स्वच्छतेच्या परीक्षेत पाडकामाच्या राडारोड्याचं काय केलं याला गुण आहेत. जी शाळा पाडलीच नाही, तिच्या दीडशे टनांना गुण नाहीत. कुठल्याच रकान्यात ते बसत नाहीत.

कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी. आंबोलीत उतरून भजी खाल्ली, धुक्यात काहीच दिसलं नाही, हिला फार बरं वाटलं.

वेंगुर्ल्यात पाऊल ठेवताच बांधकामाचा रंग बदलतो. काळा दगड संपला, तांबडा चिरा सुरू झाला. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, तासून घेता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. वेंगुर्ला हे पर्यावरणाच्या नकाशावरचं मोठं नाव. दहा वर्षांपूर्वी मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात इथे कचऱ्याचे वीसहून जास्त प्रकार वेगळे करायला लागले. प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात, पालापाचोळ्याच्या कांड्या, ओल्या कचऱ्याचा गॅस. जिथे कचऱ्याचा डोंगर होता तिथे बाग झाली आणि माणसं ती पाहायला तिकीट काढून आलेल्या पाहुण्यासारखी येऊ लागली. मीही त्यांतलाच. कचराडेपोवर नाक न दाबता फिरण्याचा अनुभव आयुष्यात पहिल्यांदा घेतला. हिनं तिथल्या बाईंना प्रत्येक ढिगाचं नाव विचारून घेतलं आणि सगळेच्या सगळे प्रकार वहीत उतरवले.

शाळा पाहिली ती गावाबाहेर, एका वाडीवरची. चिऱ्याची, कौलारू, व्हरांड्याला लाकडी खांब. पण निम्म्या छपरावर पत्रे. डिसेंबरातही दुपारी पत्र्याखालच्या वर्गात उभं राहवेना आणि शेजारच्याच कौलाखालच्या वर्गात गारवा होता. बाहेर एक आजोबा पोरांची सुटण्याची वाट पाहत बसले होते. पत्रे का, विचारलं तर म्हणाले, “माकडां कौलां फोडतत ओ. दरवर्षी शाकारणी कोण करतलो? पैसो खय?” मग त्यांनी मलाच विचारलं, “तुमी खयसून इलात? पाडूक काय?”

माझ्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं असतं की काय, कोण जाणे.

शेजारी पंचवीसेक वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची खोली होती, कुलूपबंद. खिडकीतून पाहिलं. छताचा गिलावा खाली पडलेला, गंजलेले गज उघडे. समुद्राची खारी हवा कॉंक्रीटच्या फटीतून आत शिरते, लोखंड गंजून फुगतं आणि कॉंक्रीट फोडतं. जाड थर, घट्ट मिश्रण आणि देखरेख नसेल तर किनाऱ्यावर स्लॅब टिकत नाही. बाजूची चिऱ्याची खोली तिच्या आजीच्या वयाची, आणि मुलं तिथेच बसली होती. मला फोन करायचा धीर तिथे झाला. माझ्या जुन्या कार्यालयात आता उपअभियंता असलेल्या मुलाला मी विचारलं, १९९४ च्या त्या माझ्या इमारतीचं काय? तो म्हणाला, “सर, ती निर्लेखनाला गेली की. प्रस्ताव मीच केला.” तिथे समुद्र नाही. गिलाव्याला पाणी मारलं नव्हतं, वाळू मातकट होती, गच्चीचा उतार उलटा होता. देखरेख माझी होती.

पणजीला भाचीच्या सोसायटीत सोळा प्रकारांनी कचरा वेगळा करतात. दाराशी डब्यांची रांग, त्यावर चित्रं. सुरुवातीला तिलाही वैताग यायचा, आता तिची पाच वर्षांची मुलगी दुधाची पिशवी धुऊन वाळत घालते. कचऱ्याच्या बाबतीत पणजीनं कचराकुंड्याच रस्त्यावरून उचलल्या त्याला वीस वर्षं उलटून गेली. अल्तिनोच्या टेकडीवर जुन्या लिसेवच्या इमारती पाहिल्या. पोर्तुगीज काळातली ती गोव्याची मोठी शाळा. पुढे तिथे हायकोर्ट भरायचं, आता कोर्ट पर्वरीला गेलं. जाड भिंती, उंच खिडक्या. इमारतीला एक काम संपलं की दुसरं मिळालं, म्हणून ती उभी राहिली. याला कुणी पर्यावरण म्हणत नाही.

ही मात्र खेड्यातली शाळा पाहायची म्हणून अडून बसली. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्या आता पटाअभावी एकेक करून बंद पडताहेत. भाचीच्या नवऱ्यानं आम्हाला पणजीपासून अर्ध्या तासावरच्या अशा एका बंद शाळेपाशी नेलं. एका खोलीत अंगणवाडी चालू होती, दुसरी रिकामी. फळ्याच्या वरच्या बाजूला सुवाच्य मराठीत वेळापत्रक रंगवलेलं, परिपाठापासून वंदे मातरमपर्यंत. ही एका बाकावर बसली. छपराचं एक कौल सरकलं होतं, तिथून उन्हाचा चौकोन तिच्या पायापाशी पडला होता. “अहो,” ती म्हणाली, “हे एवढंच एक कौल आहे ना? तुम्हाला चढता येईल का?”

मला चढता आलं नाही. गुडघे. भाचीच्या नवऱ्यानं शेजारून शिडी आणली आणि मी खालून सांगत गेलो: वरचं कौल उचल, खालचं वर सरकव, नाक रिपेत अडकव. सहा मिनिटं लागली. अंगणवाडीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरताना त्यानं सांगितलं, पाठीमागच्या भिंतीत, पन्हळीखाली, बोटभर पिंपळ आहे.

तुमची शाळा अजून उभी असेल, तर येत्या मे महिन्यात तिच्याभोवती एक फेरी मारा. सुट्टी असते, कुणी हटकणार नाही. पन्हळी पाहा, सरकलेली कौलं पाहा. भिंतीत पिंपळ दिसला तर नुसता कापू नका, कापला की तो दुप्पट जोरानं येतो. भोवतीचा एक दगड सैल करून मुळासकट काढा, आणि ती जागा चुन्यानं भरून घ्या. सिमेंटनं नको.